किनारा मुक्ती मोहीम

४ मे
साथीमुळे आजपासून समुद्रकिनारा बंद. फाटकाला साखळी, शेजारी पोलीस. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी वाळूत चालायला सांगितलंय. म्हणजे प्रश्न घरचा झाला. मी गप्प बसणारा माणूस नाही. रोजनिशीही आजच सुरू; पुढे आत्मचरित्राला उपयोगी पडेल.

५ मे
इमारतीच्या ग्रुपवर ठणकावलं: मोकळ्या हवेत साथ पसरत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड हेडमिस्ट्रेस बाईंनी विचारलं, लोक अंतर ठेवतील याची हमी कोण देणार? म्हटलं, मी. त्यांनी नुसता अंगठा पाठवला. पाठिंबा समजलो.

९ मे
बाबा विचारायला आले, गच्चीवर येतोस का, जिना एकट्याने जमत नाही. नेमका तेव्हाच मी किनारा उघडण्याच्या अर्जातला 'वृद्धांची घुसमट' हा परिच्छेद लिहीत होतो. म्हटलं, बाबा, तुमचंच काम चाललंय! ते खोलीत परत गेले. परिच्छेद फार हृदयस्पर्शी झालाय.

१४ मे
सह्यांचा पाऊस. अर्जावर बाबांचा फोटो टाकलाय, खिडकीत एकटेच बसलेले. बायको म्हणाली, त्यांना विचारलंस का? चळवळीत असं प्रत्येकाला विचारत बसलं की झालंच.

२२ मे
विजय! रोज सकाळी सहा ते सात किनारा खुला. फक्त ज्येष्ठांसाठी, सोबत घरचं एक माणूस. बायको पहाटेच हॉस्पिटलात ड्यूटीवर जाते, त्यामुळे हा मान माझा. उद्या पाचला उठणार. बाबांनी मोजे आत्ताच काढून ठेवलेत.

२३ मे, सकाळी ९.४०
अभिनंदनांना उत्तरं देता देता काल झोपायला उशीर. उद्या नक्की.

२४ मे, सकाळी १०.१५
गजर वाजलाच नाही. बायकोचं म्हणणं, वाजला आणि मीच त्याचा गळा दाबला. बाबांनी मोजे परत कपाटात ठेवले. समजूतदार आहेत.

२९ मे
हद्द झाली. बाबा रोज बाईंबरोबर किनाऱ्यावर जातात! ग्रुपवर अंतराची हमी मागणाऱ्या त्याच बाई. दोघांना मास्क, मध्ये काठीभर अंतर, आणि फाटकावर पोलिसाला सांगतात, घरचंच माणूस आहे. सरळसरळ नियमभंग. ग्रुपवर लिहिणार होतो, पण मोठ्या मनाने सोडून दिलं. तत्त्व नावाची चीजच उरली नाही लोकांत.

२ जून
पेपरची वार्ताहर उद्या किनाऱ्यावर येतेय. मोहिमेची बातमी, आम्हा बापलेकांचा फोटो. तीन गजर लावलेत. एक स्टीलच्या पातेल्यात ठेवलाय.

३ जून
उठलो. बाबांना घेऊन गेलो. बाई आधीच तिथे होत्या, मला बघून थोड्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.
वार्ताहर मुलीने बाबांना विचारलं, मुलाच्या मोहिमेचा फायदा झाला का? बाबा म्हणाले, झाला ना, रोज आणतो मला, एक दिवस चुकवत नाही. उभ्या जन्मात मी त्यांना खोटं बोलताना ऐकलेलं नाही. बाईंनी ऐकलं आणि समुद्राकडे तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
मुलगी म्हणाली, चालतानाचा फोटो हवाय, आजोबांना जरा आधार द्या. मी लगबगीने पुढे होऊन त्यांचा हात धरला. बाबा माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, या बाजूने नको रे, ऑपरेशन त्या गुडघ्याचं झालंय.
मी बाजू बदलली. तोवर फोटो काढून झाला होता.