ती गादी कोणी भरली

मी, जैतुनबी भ्रतार सरदार पिंजारी, वय वर्षे छप्पन, धंदा कापूस पिंजणे व गाद्या भरणे, राहणार लोणावळे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या धाकाखाली न येता हे मृत्युपत्र सांगते आणि सोपान मास्तर ते लिहून घेतात. गुडघे गेले आहेत, कापसाच्या धुळीने छाती घरघरते, पण डोके जागेवर आहे. कोणी काय केले आणि कोणत्या साली केले, हे मला तोंडपाठ आहे. मास्तर म्हणाले, “जैतुनबी, मृत्युपत्रात एवढा राग बरा दिसत नाही.” मी म्हटले, राग माझा, कागद माझा, तुम्ही लिहा.

कलम १. माझा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वारला. मूलबाळ नाही. आईवडील गेले. माझा वारस म्हणाल तर धाकटा भाऊ इनायत बद्रुद्दीन पिंजारी, हा एकटाच. आमच्या शरियतीप्रमाणे मला मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते, बाकीचे वारसाकडे जाते. हे इनायतला चांगले ठाऊक आहे. गेली दोन वर्षे तो दर शुक्रवारी नमाजानंतर माझी तब्येत विचारायला येतो आणि बसल्या जागेवरून भिंतींना हात लावून पाहतो. आजही तो दाराशी बसून हे ऐकत आहे. मीच त्याला बोलावले आहे.

कलम २. बाजारपेठेमागची पत्र्याची शेड, कापूस पिंजायच्या तीन कमानी, दोन तराजू, सुयांचा डबा आणि गिऱ्हाइके, म्हणजे ज्याला लोक जैतुनबीचा कारखाना म्हणतात तो, चार वर्षांपूर्वी मी धडधाकट असताना मुक्ताबाई, राहणार वराळे, यांना बक्षीस करून दिला आहे. वडगावच्या कचेरीत नोंद झाली आणि किल्ल्या त्याच दिवशी मी तिच्या हातात दिल्या. तेव्हापासून तिथे मी नुसती बसायला जाते. सबब कारखाना माझ्या मालमत्तेत धरू नये. इनायत, तुझा चेहरा मला इथून दिसतो आहे. मास्तर, हेही लिहा.

कलम ३. असे का केले, ते कागदावर राहावे म्हणून सांगते.

आमचे वडील बद्रुद्दीन हे खंडाळ्यापर्यंतच्या बंगल्यांचे पिंजारी. इथल्या पावसाळ्यात गाद्या ओल धरतात, कापसाचे गोळे होतात, म्हणून दसऱ्यानंतर प्रत्येक बंगल्यात गाद्या उसवून पुन्हा पिंजाव्या लागत. आमच्यात बाईने गादी शिवावी, कमानीला हात लावू नये, तिची दोरी म्हणजे तात छेडली तर घराची बरकत जाते असे मानत. वडिलांना दम्याने कमान उचलेना, तेव्हा दार लावून घेऊन मी पिंजत असे. बाहेर ओट्यावर इनायत अंगाला कापूस लावून बसे. लोक म्हणत, पोरगा बापापेक्षा सरस निघाला. मला त्याचे काही वाटत नसे. घर चालत होते आणि तो माझा भाऊ होता.

वडील गेले आणि पुढच्या साली, १९१८ मध्ये, तापाची साथ आली. घरोघर माणसे गेली. मेलेल्याच्या अंगाखालचा कापूस कमानीवर चढवायचा नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तसल्या गाद्या लोक नदीकाठी टाकत होते. इनायतने त्या गुपचूप उचलल्या, पिंजल्या आणि एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यात नव्या कापसाची म्हणून गादी दिली. बाईंना फिनेलचा वास आला. गादी उसवली तर आत काळ्या दोऱ्यात ओवलेला कोणाचा तरी ताईत निघाला. भर बाजारात विचारणा झाली तेव्हा इनायत काय म्हणाला, ते शब्दाला शब्द लिहा. “म्या न्हाई भरली. म्या तवा तळेगावात हुतो. आपा चोरून कमान मारती, तिनंच भरली.”

चोरून कमान मारती, एवढे त्यातले खरे होते. त्या खऱ्यावर त्याने खोटे तोलले. मी ओरडून सांगितले, कोणी ऐकले नाही. ती गादी माझ्यासमोर जाळली. बंगल्यांची फाटके मला बंद झाली आणि चार महिन्यांत ती इनायतला पुन्हा उघडली. चांगली कमान त्याने नेली, मला माळ्यावरची मोडकी राहिली. मी आठ दिवस रडले. नवव्या दिवशी मोडक्या कमानीला बांबूची चीप बांधली, नवी तात ओढली आणि ती खांद्यावर टाकून, डोक्यावरचा पदर न ढळू देता, दिवसाउजेडी भर पेठेतून चालत गेले. चोरून मारते म्हणता ना, मग आता उघड मारते.

लोणावळ्यात कोणी उभे केले नाही. गावे धरत धरत वराळ्याला पोचले. तिथे याच मुक्ताबाईने, तेव्हा ती एका घरची नवी सून होती, आपली लग्नातली गादी अंगणात आणून माझ्यापुढे टाकली. त्या अंगणात मी माझी पद्धत ठरवली. गादी धन्यासमोर उसवायची. कापूस त्याच्यासमोर पिंजायचा. भरून झाली की एका बाजूचे तोंड उघडे ठेवायचे. धन्याने कोपरापर्यंत हात घालून कापूस उपसून पाहायचा, हुंगायचा. त्याने होय म्हटल्यावरच शेवटचे टाके घालायचे. पहिल्या वर्षी लोक हसले. तिसऱ्या वर्षी बंगलेवाले इनायतला विचारू लागले, “तुम्ही तोंड उघडं का ठेवत नाही?” त्याला ठेवता येत नव्हते, कारण आत काय असे ते त्यालाच ठाऊक. त्याची फाटके एकेक करून बंद झाली. प्रत्येक फाटक बंद झाल्याचे कळले की मी त्या दिवशी शिरा केला आहे. परवाच्या लढाईत देहूरोडच्या लष्करी डेपोच्या गाद्यांचे काम निघाले, तेव्हा इनायत आणि मी दोघेही नमुना घेऊन गेलो होतो. माझ्या गादीत साहेबाने हात घातला, इनायतची उसवायला सांगितली. इनायत गादी डोक्यावर घेऊन स्टेशनकडे गेला. मी वराळ्याच्या बारा बायका कामाला लावल्या, त्यातल्या सहाजणींना कमान शिकवली. बरकत काही गेली नाही.

कलम ४. किरकोळ. कापडवाले बजरंगशेठ यांनी १९१९ साली मला गादीपाट, म्हणजे खोळीचे कापड, द्यायचे नाकारले होते. त्यांचा गज दोन बोटे तोकडा आहे, हे मी तेव्हापासून जाणते आणि आज त्यांच्यासमोर सांगते. माझ्याकडचा सरकारी शिक्क्याचा गज मी त्यांना देते. त्यांनी तो दुकानात दर्शनी भागी टांगावा. ते साक्षीदार म्हणून आले आहेत, तेव्हा घरी जाताना न्यावा.

कलम ५. राहता राहिले घर. पुढची खोली व ओटा माझा तिसरा हिस्सा समजून मुक्ताबाईस द्यावा. मागच्या दोन खोल्या कायद्याने इनायतच्या. परंतु वडगावची कचेरी उद्याही उघडी आहे आणि कारखाना दिला तसे घरही मी जिवंतपणी देऊ शकते. म्हणून इनायतला सांगते. ‘१९१८ सालची गादी मी भरली, माझ्या बहिणीने भरली नाही’ या ओळीखाली तू आज अंगठा उठवावा आणि माझ्या मयतीच्या दिवशी ती ओळ जमातीपुढे वाचली जावी. उठवलास तर खोल्या तुझ्या. नाही उठवलास तर आज रात्रीपुरत्या बघून घे. अठ्ठावीस वर्षे मी या एका अंगठ्यासाठी जगले आहे.

पुरवणी. वरील मजकूर वाचला जात असतानाच इनायतने अंगठा उठवला. पाचवे कलम पुरते वाचून व्हायच्या आत उठवला. मला वाटले होते तो रडेल, निदान भांडेल. तो बोट फडक्याला पुसत म्हणाला, “येवढंच व्हय, आपा? व्हय, म्याच भरली. पर ह्यात नवं काय हाये? समद्या पेठेला तवाच ठाऊक हुतं.”

मी महिपतीभाऊंकडे पाहिले. ते त्या पारशी बंगल्याचे रखवालदार होते आणि आज माझे पहिले साक्षीदार आहेत. ते खाली बघत म्हणाले, “इनायतनं गाद्या गाडीत टाकल्या, तवा बैल माझंच हुतं. पर बाई कमान मारती हे कुनाला बगवत न्हवतं, जैतुनबी. निमित घावलं.”

“आणि तुम्ही, शेठ?”

बजरंगशेठ म्हणाले, “जाऊ द्या आता. किती वर्षं झाली.”

म्हणजे कोणी फसले नव्हते. अख्ख्या पेठेने जाणूनबुजून मला उपाशी ठेवले आणि मी एकट्या इनायतला शिव्याशाप देत बसले. त्या शिव्या सगळ्यांना वाटून द्यायला हव्या होत्या.

कलम ६. शेवटचे. इनायतला खोल्या मिळतील, मी शब्द फिरवत नाही. मात्र साक्षीदारांनी नुसती सही करू नये. प्रत्येकाने सहीपुढे आपल्याला काय माहीत होते ते लिहावे आणि तेही जमातीपुढे, इनायतच्या ओळीबरोबर वाचले जावे. जमत नसेल तर उठून जावे. मी बेगडेवाडीहून दुसरे साक्षीदार आणीन आणि हे का उठले ते त्यांना सविस्तर सांगेन.

कोणी उठले नाही. वाचून ऐकले, बरोबर आहे. मुक्काम लोणावळे, तारीख १७ नोव्हेंबर १९४६.

जैतुनबी भ्रतार सरदार पिंजारी. सही दस्तुरखुद्द.

इनायत बद्रुद्दीन पिंजारी. डाव्या हाताचा अंगठा. मी भरली.

साक्षीदार महिपती, रखवालदार. मला माहीत होते.

साक्षीदार बजरंग, कापडवाले. मला माहीत होते.

लिहिणार सोपान मास्तर. मी तेव्हा जन्मलो नव्हतो.

मुक्ताबाई साक्षीदार नाहीत, परंतु चहा घेऊन आल्या असता त्यांनी आपलाही अंगठा घ्यावा असा हट्ट धरला. त्या सांगतात तसे लिहिले आहे: मलाबी ठाऊक हुतं, बाजारची गोष्ट वराळ्यालाबी आली हुती. म्हनूनच गादी टाकली तुमच्यापुढं.