ग्लोव्हला पाक मी लावला नाही

९ जून

काल बेसबॉलच्या सामन्यात पंचाने आमच्या नेफ्तालीचा हात हातात घेतला. मागणी घालायला आल्यासारखा. बोटं उलटीपालटी केली, तळवा दाबला, स्वतःचा अंगठा त्यावर घासून बघितला. मग दुसऱ्या पंचाला बोलावलं. मग तिसऱ्याला. माझा हात मागायला आमचा म्हातारा एकटाच आला होता, आणि त्यानेही इतकं निरखून बघितलं नव्हतं.

मग त्याला मैदानाबाहेर काढलं. बोटांना चिकट लावून चेंडू फेकतो म्हणे. चिकट बोटांतून चेंडू जास्त गरगरत जातो, मारणाऱ्याला सापडत नाही — हे कोपऱ्यावरच्या तिबूर्सियोने दुकानात सगळ्यांना समजावून सांगितलं. तिबूर्सियो तांदळात खडे मिसळतो. अशा बाबतीत त्याला जरा जास्तच कळतं.

नंतर टीव्हीवर नेफ्ताली बोलला. "घाम आणि राळ, बाकी काही नाही. राळेची पिशवी मैदानावर सगळ्यांसाठीच ठेवलेली असते. माझ्या आजीच्या जिवाची शपथ."

दुकानातल्या सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी जिवंत होते अजून.

मिलेदिस, तू रडलीस तेही लिही. — नाही म्हणते. लिही.

१० जून

दहा सामने बंदी. क्लबने वरती दाद मागितली आहे. माझे गुडघे दुखतायत, त्यांची दाद कुठे मागायची?

१२ जून

आज बोलायला काही नाही. पण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, रोज काहीतरी आठवून सांगायचं, म्हणजे विसरायला होणार नाही. मला अक्षर येत नाही. मी पानाकडे बघते ते कोंबडी घड्याळाकडे बघते तसं. म्हणून मी बोलते आणि नात लिहिते. मिलेदिस शाळेत शिकवते, तिचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. नेफ्तालीची ही थोरली बहीण. दोघांना मीच वाढवलं. त्यांची आई पोर्टो रिकोला कामाला गेली ती तिकडचीच झाली.

ठरलंय असं — मी सांगेन ते लिहायचं, गाळायचं नाही, आणि ही वही कुणाला वाचून दाखवायची नाही.

डॉमिनो खेळणारे आंब्याखाली बसतात. मी दिसले की सोंगट्या थांबतात. आज त्यातला एक म्हणाला, "उबाल्दिनाबाई, काय लावलं हो तुमच्या नातवाने बोटांना?"

"तुझ्या बायकोने तुला लावलंय तेच. वीस वर्षं झाली, सुटलास का?"

हसले सगळे. मलाच हसू आलं नाही. थकले मी. उत्तरं तयार ठेवून माणूस थकतो.

१५ जून

रविवार. नेफ्तालीने फोनवर तोंड दाखवलं. वाळलाय. काय जेवलास, तर म्हणे अंडी. तिकडे परक्या देशात सकाळी कच्च्या केळ्यांचा मांगू कोण रांधून घालणार.

मी म्हटलं, "खरं सांग."

"आजी, सगळेच लावतात."

मिलेदिस मध्येच बोलली, "म्हणजे राळ. राळ म्हणायचंय त्याला."

"त्याला जीभ आहे," मी म्हटलं. "हात दाखव."

त्याने डावा दाखवला. चेंडू तो उजव्याने फेकतो.

"दुसरा."

दाखवला, पण झटकन. तेवढं पुरलं मला. चाळीस वर्षं मी काकवी आटवून मेलकोचा हा खाऊ करून विकला. पाक गरम असतानाच हातांनी ओढायचा, ओढून ओढून पांढरा करायचा. चिकट म्हणजे काय ते या वस्तीत मला कुणी शिकवू नये. पाकाने भाजलं तर फोड येतो. राळ लागली तर थोडं तेल चोळलं की निघते. या पोराच्या दोन बोटांची कातडी घासून घासून सोललेली होती. राळेसाठी कुणी स्वतःला असं सोलत नाही.

मग म्हणे आवाज येत नाही, आणि फोन बंद. आवाज चांगला येत होता.

मिलेदिस हे लिहीत नव्हती. लिही म्हटलं.

१८ जून

राजधानीहून वकीलसाहेब आले. बूट इतके चकचकीत की कोंबडा त्यात बघून भांडायला लागला. कॉफी घेतली, साखर जास्त झाली तरी प्याले. माणूस वाईट नाही.

मग कागद काढला. आम्ही जानेवारीत काय करतो ते त्यांना नेफ्तालीने सांगितलेलं. पोरगा वर, परदेशात खेळायला निघाला की मी त्याच्या ग्लोव्हवर सताप्याच्या पाल्याचं पाणी शिंपडते आणि हात ठेवून पुटपुटते. या वस्तीतून जो कोणी खेळायला जातो त्याची आजी हे करते. पाणीच ते. विमानतळावर पोचेपर्यंत वाळतं.

कागदात पाण्याचा पाक झाला होता. दृष्ट लागू नये म्हणून आजीने ग्लोव्हला आतून काकवीचा पाक लावला, नातवाला पत्ता नव्हता, उन्हाने तो पाघळून चेंडूला आणि मग फेकायच्या हाताला लागला.

"लोकांना आजी आवडते हो," वकीलसाहेब म्हणाले. "नाहीतर क्लब त्याला खालच्या लीगमध्ये पाठवेल. तिथून परत वर येणारे थोडे. तुमचा अंगठा उमटला की झालं."

मी म्हटलं, "माझा मेलकोचा खाऊन एका पोराचा सदरा कधी चिकट झाला नाही. आणि मी ग्लोव्हला पाक फासणार? पंचाच्या आधी मुंग्या आल्या असत्या."

ते हसले. कागद मिलेदिसकडे ठेवून गेले. आजींना समजवा म्हणाले.

१९ जून

समजावलं तिने. सकाळपासून.

"एक अंगठा, आजी. तुझं काय जातंय?"

"नाव."

"वस्तीतल्या चार लोकांत."

"मग काय पाच लोकांत असतं नाव? चिकट त्याने लावलं, पुसायचं माझ्या झग्याला. आज पुसलं की परत लावेल."

"तू त्याचं भलं बघत नाहीस."

आता हे तीच लिहिते आहे, तिच्याच हाताने. चांगलं लिहितेस. पुढे लिही: उबाल्दिनाने अंगठा दिला नाही.

२४ जून

चार दिवस मिलेदिस आली नाही. म्हणजे चार दिवस काही घडलंच नाही.

आज आली ती बातमी घेऊनच. दहा सामन्यांची बंदी पाचावर आली. दुकानातल्या टीव्हीवर माझा जुना फोटो, मेलकोच्याची टोपली डोक्यावर. आजीने कबूल केलं म्हणे. तिबूर्सियोने आवाज मोठा केला. आंब्याखालच्या एकाने मला बघून हात सदऱ्याला पुसले.

मी कधी कबूल केलं? कागदावर अंगठा आहे म्हणतात. माझा अंगठा तर हा इथे आहे, स्वच्छ. मग तो कुणाचा?

मिलेदिस, पेन का थांबलं?

२५ जून

लिही म्हटलं. गाळायचं नाही असं ठरलंय. लिहिलं तिने: अंगठा मी उमटवला. मी मिलेदिसने.

 मग मी तिला युकाचे कंद सोलायला दिले. हातांना काम असलं की बरं.

२८ जून

नेफ्तालीचा फोन. "आजी, उपकार झाले."

त्याने विचारलं नाही. अंगठा माझा नव्हता हे मी सांगितलं नाही. कुणीतरी याला सांगायला हवं, पण आज मी नाही. आज अंगात त्राण नाही.

शेजारणीने तिच्या धाकटीच्या वाढदिवसाला मेलकोचा दुसरीकडून आणला. वाटेत भेटली तर म्हणाली, तुम्हाला त्रास नको म्हणून.

१ जुलै

लीगवाल्यांना संशय आलाय. परवा दोन माणसं येणार, सोबत सरकारी नोटरी. वकीलसाहेब फोनवर घाबरलेले. म्हणाले, ते एवढंच विचारतील, अंगठा तुमचा का. तुम्ही नाही म्हणालात तर खोटा दस्त केला म्हणून नातीवर खटला. शाळेतली नोकरी तर त्याच दिवशी जाईल.

मिलेदिस म्हणते, "तू खरं सांग आजी. मी केलं, मी निस्तरेन."

भाताचं पातेलं घासत होती. घासून झालेलंच परत घासत होती.

मी म्हटलं, बघू.

३ जुलै

नोटरीने टेबलावर कागद ठेवला. अंगठा तुमचा का?

"माझा," म्हटलं.

पाक कसा केला ते विचारलं. सांगितलं त्यांना. काकवी किती, लिंबू किती, आच कशी, ग्लोव्हच्या कोणत्या बोटाला आधी लावला. लिहून घेतलं त्यांनी सगळं. मिलेदिस दारात उभी होती.