रिसीव्हरची आणि कारखान्याची निरवानिरव

मी, प्रमोदिनी वासुदेव हुक्केरीकर, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा ट्रान्सफॉर्मर बनविणे, मूळ गाव निपाणी, हल्ली राहणार यशवंतपूर, बेंगळुरू, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, पण ज्यांना शंका असेल त्यांनी कारखान्यात येऊन माझ्याशी दहा मिनिटे बोलावे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. आजवर कोणाला तो टाकता आलेला नाही. यापूर्वी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी म्हटल्यास ते खोटे समजावे.

कलम १. यशवंतपूर येथील राहते घर माझ्या एकट्याच्या कमाईचे व माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात माझा मुलगा अद्वैत यास मिळावे. घर विकायचे की ठेवायचे हे त्याने ठरवावे. मी वर बसून बघणार नाही. फक्त घर रिकामे करताना स्वयंपाकघराच्या ओट्याला कडेला दोन भोके दिसतील, ती कशाची हे त्याने बायकोला सांगावे. तिथे माझे तार गुंडाळायचे हातयंत्र बसवलेले असे, आणि त्याचा जन्म झाल्यावर चौथ्या महिन्यात मी त्या यंत्रापाशी पुन्हा उभी राहिले होते.

कलम २. बँकेतील ठेवी नात स्वानंदी हिला द्याव्यात. तिने त्या शिक्षणासाठीच वापराव्यात अशी अट मी घालत नाही. मला शिकायला मिळाले तेव्हा फार अटी होत्या.

कलम ३. हॉलमधील स्टिरिओ रिसीव्हर. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण यावरूनच माझ्या माघारी बोलाचाली होण्याचा संभव आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रेडिओ, आवाजाची जुळणी करणारा भाग आणि स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर हे तिन्ही एकाच पेटीत असले की तिला रिसीव्हर म्हणतात. तेच तीन भाग वेगवेगळ्या पेट्यांत घेऊन तारांनी जोडले की त्यांना सेपरेट्स म्हणतात. आमच्या घरात या एका प्रश्नावर चाळीस वर्षे वाद झाला आहे.

हा रिसीव्हर माझ्या पतींचे टेलिफोन कारखान्यातले सहकारी कृष्णाजी यांनी १९८१ साली अमेरिकेहून आणला. तिकडची वीज एकशेवीस व्होल्टची. त्यांनी तो इथल्या दोनशे तीसला तसाच लावला. फ्यूज उडाला, तर त्या जागी जाड तार घातली. मग धूर आला. वैतागून त्यांनी तो आमच्या घरी आणून ठेवला आणि म्हणाले, "वासुदेवराव, लाकडी पेटी चांगली आहे, कशाला तरी होईल."

त्या वेळी माझे दीर सुधींद्र कॉलेजात शिकत आमच्याकडेच राहत होते. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि हसले. "वहिनी, हे जळलंय. जळलेलं कधी गातं का?"

मी बेळगावला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला आणि पीण्या औद्योगिक भागात एका कंपनीत वाइंडिंग, म्हणजे तार गुंडाळण्याच्या, खात्यात नोकरीला होते. जळला होता तो फक्त ट्रान्सफॉर्मर. मी त्याचे सगळे वेढे उलगडले, मोजून ठेवले, आणि आतली गुंडाळी दोनशे तीस व्होल्टच्या हिशोबाने नव्याने केली. सकाळी कंपनी, संध्याकाळी स्वयंपाक, आणि मधल्या वेळेत हे. ज्या रविवारी तो लावला त्या दिवशी आधी डायलवर हिरवा उजेड आला, मग आत रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या खटक्याचा, 'टक्' असा आवाज झाला आणि मग आकाशवाणी. वासुदेव उठून बाहेर गेले. त्यांनी शेजारच्या घरांतल्या लोकांना बोलावून आणले आणि प्रत्येकाला सांगितले, "हिने केलं." त्या ट्रान्सफॉर्मरला त्यानंतर कोणी हात लावलेला नाही. त्याच्याच भरवशावर मी पुढे नोकरी सोडून स्वतःची शेड घेतली.

सुधींद्र भावोजी पुढे मोठे झाले. इंदिरानगरला त्यांचे ऑडिओचे शोरूम आहे आणि ते सेपरेट्सच विकतात. त्यांचे म्हणणे मी प्रामाणिकपणे इथे नोंदवते, कारण त्यात चूक काही नाही. वेगळ्या पेट्यांत प्रत्येक भागाला स्वतःची वीज मिळते, एकाची खरखर दुसऱ्यात जात नाही, एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. रिसीव्हरचे एक सोल्डर सुटले तर सगळे घर मुके.

२०१७ साली वासुदेवांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोके शाबूत होते, ऐकलेले सगळे कळत होते, पण शब्द बाहेर येत नसत. आम्ही इस्पितळात असताना भावोजींनी भावासाठी घरी नवी यंत्रणा बसवली: चार पेट्या, उंच स्पीकर, आणि सगळे फोनवरून चालणारे. जागा हवी म्हणून रिसीव्हर घेऊन गेले. हे त्यांनी मायेने केले, यात मला संशय नाही. आवाजही उत्तम होता, माझ्या रिसीव्हरपेक्षा स्वच्छ. मी खोटे लिहिणार नाही.

पण वासुदेवांना ती लावता येईना. डाव्या हाताचे बोट फोनच्या काचेवर भलतीकडेच पडे. काही ऐकायचे तर कोणाला तरी हाक मारायची, आणि हाक मारायला त्यांच्याकडे शब्दच नव्हते. ते त्या चार पेट्यांकडे बघत बसत. ज्या माणसाने आयुष्यभर कारखान्यात टेलिफोन जोडले, तो आपल्याच घरात रेडिओ लावून मिळण्याची वाट बघत होता. एके दिवशी त्यांनी बघणेही सोडले आणि खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली.

मी कारखान्यातल्या यल्लव्वाला घेतले आणि मेट्रोने इंदिरानगर गाठले. यल्लव्वा खानापूरकडची, माझ्याकडे वाइंडिंग शिकली आणि आज सगळी शेड सांभाळते. शोरूमच्या दर्शनी काचेत माझा रिसीव्हर ठेवलेला होता, खाली मखमल, वर छोटा दिवा.

"भावोजी, हे काय?"

"लोक थांबून बघतात, वहिनी. शोभेला ठेवलाय."

"लावून बघितला का कधी?"

"नाही. तसा तो आता—"

"काढा."

ते मला बाजूला घेऊन समजावू लागले. "घरी जे बसवलंय ते याच्या कितीतरी वरचं आहे. तुम्हाला आवाज कळतो. तुम्हीच सांगा."

"आवाज चांगला आहे. ह्यांना तो लावता येत नाही. तुमच्या त्या चारही पेट्यांत डाव्या हातानं फिरवायचं असं काही नाही."

दुकानात गिऱ्हाइके होती, त्यामुळे मी आवाज चढवला नाही. यल्लव्वाने चप्पल काढली, काचेच्या चौथऱ्यावर चढली आणि म्हणाली, "अण्णा, स्वल्प बाजूला व्हा." आणि तो जड रिसीव्हर छातीशी धरून एकटीने खाली उतरवला. भावोजींनी स्वतः दार उघडून धरले आणि रिक्षाही थांबवली. हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

घरी आल्यावर मी तो वासुदेवांच्या डाव्या हाताशी ठेवला. त्यांनी खटका दाबला. स्टेशन लावायचे ते मोठे जड चाक त्यांनी फिरवले, पुढे गेले, परत मागे आले, सुई बरोबर मध्ये आणली. चेहऱ्याच्या ज्या अर्ध्या भागाला हसता येत होते तो हसला. वासुदेव वारले ते २०२१ साली. तोपर्यंत रोज सकाळी रेडिओ त्यांनीच लावला. मी स्वयंपाकघरात असले आणि त्यांना मी हवी असले की ते आवाज वाढवत. मी आले की कमी करत. आमचे बोलणे असे सुरू राहिले.

आता वाटणी. मागच्या वर्षी भावोजी कारखान्यात आले. मधुमेहाने त्यांची नजर अधू झाली आहे, मोठी अक्षरेही पुसट दिसतात. खुर्चीवर बसून ते बराच वेळ यंत्रांचे आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, माझ्याच सिस्टमच्या स्क्रीनवरचं मला दिसत नाही. दर वेळी सुनेला, केतकीला, हाक मारतो. ती येते, कुरकुर करत नाही. पण किती वेळा मारायची?" आणि पुढे म्हणाले, "तुमच्याकडे एखादा जुना डबा असेल तर बघा."

"डबा नाही म्हणायचं."

"रिसीव्हर," ते म्हणाले.

मी त्यांना दुसऱ्यांदा मागायला लावले नाही; तूर्त कारखान्यातला एक साधा जुना रिसीव्हर दिला, कारण मी आहे तोवर हा मला हवा. सबब सदर रिसीव्हर माझ्या पश्चात श्री. सुधींद्र यांना हयातभर वापरण्यासाठी द्यावा. तो त्यांच्या घरी, हाताशी ठेवावा, शोरूममध्ये नाही. त्यांच्यानंतर तो अद्वैतकडे जावा. दुरुस्ती यल्लव्वाच करील, दुसऱ्या कोणीही झाकण उघडू नये. भावोजींनी दिलेली चार पेट्यांची यंत्रणा मी तेव्हाच अद्वैतला दिली आहे, तिच्यावर कोणी हक्क सांगू नये. ती त्याच्याकडे सुरेख वाजते.

कलम ४. हे कलम कायद्यात बसत नाही असे वकील म्हणतात. तरी राहू द्यावे. शनिवारी कारखान्यात पुण्या-मुंबईकडची आयटीतली मुले-मुली जुने रिसीव्हर घेऊन येतात आणि विचारतात, "काकू, हे अजून घेण्यासारखे आहेत का, की सरळ सेपरेट्स घेऊ?" मी नसताना त्यांना कोणी भलते सांगू नये म्हणून लिहिते. आधी स्वतःला विचारा, उघडून दुरुस्त करणारे माणूस ओळखीचे आहे का. नसेल तर नवे सेपरेट्स घ्या, वाईट वाटून घेऊ नका. असेल तर जुना जरूर घ्या, पण लावून, तासभर तापू देऊन, प्रत्येक बटण फिरवून मग. आतले जुने कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, बदलून घ्या. नुसत्या चकचकीत पुढच्या पट्टीवर भुलू नका. आणि घरात कोण कोण ऐकणार आहे, त्यांचे हात आणि डोळे कसे आहेत, हेही बघा. कानांचा विचार सगळेच करतात.

कलम ५. पीण्यातील शेड (आधी भाड्याची, पुढे मी विकत घेतलेली), तिच्यातील सर्व वाइंडिंग यंत्रे, हत्यारे, तांब्याच्या तारेचा साठा आणि धंद्याचे नाव यल्लव्वा महांतेश तळवार हिला द्यावे. अद्वैतला हे मी समोर बसवून सांगितले. तो म्हणाला, "आई, तिचंच आहे ते." मुलगा चांगला निघाला याचा मला अभिमान आहे आणि तो मी त्याला तोंडावर कधी सांगितलेला नाही, म्हणून इथे.

एक गोष्ट मात्र मी मरणापर्यंत थांबवून ठेवलेली नाही. शेड भाड्याने घेताना जागामालक बाईच्या नावाने करार करायला तयार नव्हता, म्हणून फाटकावर पतींचे नाव लागले. वासुदेवांना त्याची लाज वाटे. ते कारखान्यात आले की पाटीकडे पाठ करून उभे राहत. गेल्या आठवड्यात मी रंगाऱ्याला बोलावले. वर ठळक कन्नडमध्ये आणि खाली इंग्रजीत, 'प्रमोदिनी अँड यल्लव्वा ट्रान्सफॉर्मर्स'. पाटी वाळत होती तेव्हा यल्लव्वा पदराला हात पुसत बाहेर आली. तिने ती दोनदा वाचली. मला वाटले रडते की काय. ती रंगाऱ्याकडे वळून म्हणाली, "सरी आहे, बरोबर आहे. पण अक्षरं स्वल्प मोठी कर. रस्त्यावरून दिसायला पाहिजेत."

त्याप्रमाणे मोठी करून घेतली आहेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला, व साक्षीदारांसमक्ष सही केली. साक्षीदारांना यातले काहीही मिळणार नाही, तरी ते चहा न घेता जायला तयार नव्हते.

सही: प्रमोदिनी वासुदेव हुक्केरीकर

साक्षीदार:
१. डॉ. मैत्रेयी रघुपती देशपांडे, यशवंतपूर
२. श्री. बसवंत मल्हार अंगडी, शेजारची शेड, पीण्या औद्योगिक क्षेत्र

ठिकाण: बेंगळुरू
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५