सिग्नेसाठी निवडलेली दोन पिस्तुलं

मी, ऑरिन टॉलेफसन, वय ७८, धंदा बंदुका-पिस्तुलं दुरुस्त करण्याचा, राहणार लोन एल्म, वायोमिंग, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही कानाशी लागलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. आधीची दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मी खरं लिहिलं नव्हतं.

१. घर, दुकानाची जागा आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी सिग्ने, सध्या राहणार ओरेगन, हिला मिळावी. तिनं इथं राहायलाच हवं असं नाही. खुशाल विकावं.

२. लेथ, कानशी आणि सगळी हत्यारं नेमबाजी क्लबातला माझा सोबती गेलॉर्ड प्रुएट याला द्यावीत. १९९८ साली त्यानं मला एका गुणानं हरवलं. गुण मोजताना चूक झाली, असं मी पंचवीस वर्षं सांगत आलो. चूक झाली नव्हती. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानंच करावी.

३. नेमबाजीच्या सामन्याचं पिस्तूल सिग्नेचं. ती एकोणीस वर्षांची असताना मी तिच्यासमोर चार पिस्तुलं मांडली होती. तिनं सगळ्यांत जड, पोलादी, लांब नळीचं उचललं. म्हणाली, "डॅड, हेच. हे धरलं की माझा हात आपोआप शांत होतो." तो अख्खा हिवाळा मी त्याची मूठ तिच्या तळव्याच्या मापानं घासत होतो. चाप इतका हलका केला की नुसता विचार केला तरी सुटावा. त्या पिस्तुलावर ती राज्यात पहिली आली. मी ते दर महिन्याला तेल देऊन ठेवलं आहे. तिनं नेलं नाही तरी ते तिचंच.

४. दुसरं पिस्तूल कोणालाही देऊ नये.

सामन्यात जिंकणारं पिस्तूल कमरेला बोचतं, म्हणून रोज बाळगायला मी तिला वेगळं निवडून दिलं. ती नको म्हणाली होती. "मी कागदी निशाणावर मारते, डॅड. मला एवढंच येतं, एवढंच हवंय."

मी म्हटलं, "रस्ता काय तुझ्या सोयीनं चालतो?"

तीन छोटी पिस्तुलं मी तिला जाकिटाखाली लावून पाहायला लावली. ते लावून तिला वाकायला लावलं, गाडीत बसवलं. तिसरं लावल्यावर ती म्हणाली, "हे तर आहे की नाही तेही कळत नाही." मला फार आनंद झाला.

२००१च्या जूनमध्ये, भर दुपारी, पेट्रोल पंपावर कोल क्रॅन्झ नावाचा माणूस चाकू घेऊन तिच्या गाडीत घुसू लागला. तिनं दोन गोळ्या झाडल्या. तो तिसऱ्या दिवशी गेला. शेरीफनं तिला निर्दोष ठरवलं. घरी आल्यावर मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी म्हणालो, "बघ, निवड बरोबर होती ना?"

तिनं दोन्ही पिस्तुलं टेबलावर ठेवली. "मी यातलं एकच मागितलं होतं, डॅड." आठवड्याभरात ती घर सोडून गेली. दर नाताळला फोन करते. आम्ही हवेबद्दल बोलतो.

पुढच्या वर्षी कोलची आई, आयडेला क्रॅन्झ, माझ्या दुकानात आली. "तेच का ते? हातात घेऊ?" मी रिकामं करून दिलं. तिनं ते दोन्ही तळव्यांवर धरलं. "किती हलकं आहे हो," म्हणाली, आणि खुर्चीवर बसली. मी दुकान बंद केलं आणि तिच्या शेजारी बसलो. तेव्हापासून ती दर गुरुवारी कॉफीला येते.

गेलॉर्डनं ते पिस्तूल कापून त्याचे तुकडे करावेत. आयडेलाला समोर थांबायचं असेल तर थांबू द्यावं.

५. दफनाला येण्याचा आग्रह सिग्नेला कोणी करू नये. गेलॉर्डनं तिला फक्त फोन करावा. निवड चुकली होती, असं तिच्या वडिलांनी लिहून ठेवलंय, एवढं सांगावं. मग ती बोलू लागली, तर कितीही वेळ लागो, मध्ये बोलू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली.

ऑरिन टॉलेफसन

साक्षीदार:
१. हॅरिएट बोमन, ग्रंथपाल
२. आयडेला क्रॅन्झ

लोन एल्म, वायोमिंग
९ ऑक्टोबर २०२३