दस्त्याच्या मानेतला स्क्रू

आप्पा,

फार उशिरा लिहितोय, रागावू नका. तुम्ही गेलात तेव्हाच लिहायला हवं होतं, पण तेव्हा राग होता, आणि पुढे चौथीपर्यंतच्या शिक्षणाचं निमित्त पुरलं. आता मला सदुसष्ट पूर्ण झाली. दर वेळी व्हिसाच्या मेडिकलला रक्त देताना वाटतं, यंदा परत पाठवतील आणि मनातलं मनातच राहील.

मी अजून इथं आखातात, उम्म अल कुवैनलाच आहे, इंडस्ट्रियल एरियातल्या त्याच वर्कशॉपमध्ये. खोकी, पॅलेट, शटरिंगच्या फळ्या. गेल्या महिन्यात अरबाबनं, म्हणजे मालकानं, एक लांबडा खोका माझ्यासमोर ठेवला. आत ठासणीची बंदूक, पण सगळी सुटी: नळी, घोडा, पितळी पट्ट्या, गज आणि अर्धवट कोरलेला लाकडी दस्ता. अमेरिकेतून किट मागवलेलं. परवाना त्याच्या नावावर. बार उडवायचा नाही, नुसती मजलिसच्या, पाहुण्यांच्या बैठकीच्या, भिंतीवर लावायची. "यल्ला नज्जार, तू कर," म्हणाला. नज्जार म्हणजे सुतार. म्हटलं, मला जमायचं नाही, माझ्या वडिलांना विचारा. बोलून गेलो आणि मग आठवलं, तुम्ही आता नाही.

बंदुकीच्या दस्त्याला मी पंचेचाळीस वर्षांत हात लावला नव्हता. का, ते तुम्हाला माहीत आहे. भात पिकत आलं होतं, रानडुकरं उतरत होती, आणि पोलीसपाटलांच्या बंदुकीला तुम्ही सागाचा नवा दस्ता घडवला होता. सगळं तुम्हीच केलंत, नळी दस्त्याला पकडणाऱ्या स्क्रूचं भोकसुद्धा. फक्त स्क्रू पिळायला मला सांगितलंत. जिथं मूठ बसते तिथं दस्त्याची मान बारीक असते, आणि स्क्रू नेमका तिथंच जातो. मी पिळतोय, तुम्ही वरून म्हणताय, "अजून, अजून. जेवला नाहीस का?" आणि लाकूड कट् करून मानेत उभं फाटतं. भोक पाडायचं गिरमिट उचलून डोळ्यांपाशी धरलंत आणि खिशात टाकलंत. तेवढ्यात पाटील आले. कुणी केलं हे, त्यांनी विचारलं.

"ह्यानं," तुम्ही म्हणालात. "ह्याच्या हाताला अक्कल नाही."

त्यानंतर गावात मी दस्तेफाड्या झालो. पानाच्या टपरीवर गेलो तरी कुणीतरी विचारायचं, काय रे, आज काय फाडलंस? हत्यारं तुम्ही धाकट्याला दिलीत आणि मला मामाच्या ओळखीनं इकडे धाडलंत. इथं फळ्या ठोकण्यापलीकडचं काम मी कधी मागितलंच नाही.

अरबाबनं ऐकलं नाही, तेव्हा कामाला लागलो. नळीला मेणबत्तीची काजळी धरून ती दस्त्यात दाबायची, लाकडावर काळं उमटेल तेवढंच खरवडायचं, हे तुमच्याकडे बघून शिकलेलं हाताला आठवत होतं. अकरा दिवस त्यात गेले. स्क्रूपाशी येऊन थांबलो. आमचा मलबारी स्टोअरकीपर, माझ्याच वयाचा, किटचं इंग्रजी पुस्तक वाचून मला हिंदीत सांगायचा. तीन दिवस नुसता स्क्रूकडे बघतोयस, लग्न लावून देऊ का, असं चिडवून झालं त्याचं. मग पान उलटून म्हणाला, "भाई, इसमें लिखा है, छेद पतला रहा तो लकडी फटेगी. हाथ किसी का भी हो."

ते मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग सागाचे दोन तुकडे घेतले. एकात तुमच्या गिरमिटाएवढं बारीक भोक पाडून स्क्रू पिळला. कट्. तोच आवाज, आप्पा. दुसऱ्यात पुस्तकातल्या मापाचं भोक पाडलं, स्क्रूला मेण लावलं, तो निमूट आत गेला. मग खऱ्या दस्त्यात पिळला, तिथंही गेला. अरबाबनं बंदूक उचलून तिच्यावरून हात फिरवला, "झेन, झेन," म्हणाला, आणि चहा मागवला.

मला आनंद झाला नाही. खरं सांगतो, शेवटचे दोन वेढे पिळताना मनातून वाटत होतं, फाटावं. फाटलं असतं तर आप्पा खरं बोलले होते असं धरून उरलेले दिवस काढले असते. आता ते काही करता येत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेवढं मला कळतं. तरी एक कळवा. गिरमिट डोळ्यांपाशी धरलंत, तेव्हाच तुमच्या लक्षात आलं होतं का? हो की नाही, एवढंच. पण लवकर कळवा.