टाकीत काय विरघळतंय

४ जानेवारी
आज बेलापूरला सुचित्राताईंकडे राहायला आले. फ्लॅट अकराव्या मजल्यावर. खिडकीतून दिवाळे कोळीवाड्याच्या होड्या दिसतात. हॉलच्या भिंतभर खाऱ्या पाण्याची टाकी, आत जिवंत प्रवाळ. ती सांभाळायची, एवढंच काम. साताऱ्यात दुकानात गोल्डफिश विकत होते, त्यामुळे मी तर हरखूनच गेले. प्रवाळ ताईंच्या यजमानांनी लावलेले. ते गेले, आता ताईंना हेच. आधी टाकी बघणारा सौरभ आजारी पडून शिरवण्याला आपल्या घरी गेला म्हणे.

७ जानेवारी
काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर. हा थर सिलिकावर, म्हणजे वाळूतल्याच द्रव्यावर पोसतो, आणि पाणी तपासलं तर तीच जास्त निघाली. ताईंना वाटलं, वाळूच विरघळतेय. मी समजावलं, वाळू इतक्या सहज विरघळत नाही, सिलिका नळाच्या पाण्यातून येते. आरओचा फिल्टर बदलला.

१५ जानेवारी
थर गेला, काच लख्ख. प्रवाळ जोमात आहेत. त्यांचा सांगाडा कॅल्शियमचा. पाण्यातलं कॅल्शियम ते ओढून घेतात, म्हणून वरून घालावं लागतं. फांद्या छाटायला मी कोपरापर्यंत हात बुडवून बसते. पाणी कोमट असतं. उठावंसं वाटत नाही.

२३ जानेवारी
कॅल्शियमची बाटली कधीच संपलीय. प्रवाळ वाढतच आहेत, तरी पाण्यातलं कॅल्शियम जरासुद्धा उतरत नाही. नवा टेस्ट किट आणला, तेच. म्हणजे काहीतरी विरघळतंय. टाकीतले खडक तर जसेच्या तसे आहेत.
सकाळी चूळ भरताना दाढ हातात आली.

२७ जानेवारी
बादली उचलताना मनगट वाकलं. मोडलं नाही, वाकलं. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, हाडं ऐंशीच्या बाईची आहेत. सौरभला फोन लावला. त्याच्या आईने उचलला. त्याला कुशीवर वळवलं तरी काहीतरी मोडतं, म्हणाली. मग त्याने तिच्यामार्फत मला एवढंच विचारलं, "टाकीत हात घातलास का?"

२९ जानेवारी
हात घालणं बंद. पाण्यातलं कॅल्शियम लगेच उतरलं. बॅग भरली. ताईंनी अडवलं नाही. लिफ्टपाशी पाय खालून दुमडला — ताईंनी एकटीने उचलून आणलं मला. इतकी हलकी झालेय मी. फोन चार्जिंगला म्हणून घेऊन गेल्या.

३१ जानेवारी
ओरडले. दात नाहीत, शब्द नीट फुटत नाहीत —
ताईंनी खुर्ची टाकीला लावली. "प्रवाळाची टोकं पांढरी पडलीत गं, नमिता. थोडा वेळ हात ठेव, बास."

२ फेब्रुवारी
डावा हात पाण्यातच. काढता येत नाही, नुसता लोंबतो. प्रवाळाला नवी फांदी — बोटांसारखी —
ताई आल्यात. पेन बाजूला ठेव म्हणतायत, आता तो दुसरा हात