भाऊबिजेच्या लुगड्याले कात्री

ता. २०-१-६१, शुक्रवार

तर मग दिलं कायले? दिलेलं लुगडं घेणारीचं. ते कसं नेसायचं हे देणाऱ्यानं ढाणकीत बसून ठरवायचं का? नामदेव माझ्या पाठचा, एकुलता भाऊ. त्याचं नाक मी माझ्या पदरानं पुसलं आहे. अन् आज त्याचा निरोप काय, तर बाईनं, म्हणजे मी, माझ्या भाऊबिजेच्या लुगड्याले कात्री लावली, आता सुमनच्या लग्नात मामा दुसरा पाहून घ्या.

स्वतः आला नाही, चिठ्ठी नाही. त्याच्या मेव्हण्याच्या हाती निरोप. तोही दारात उभ्या उभ्या सांगून गेला, चहा घेतला नाही.

लग्न २४ फेब्रुवारीचं. पाच आठवडे राहिले. पोरीले बोहल्यावर आणायचं मामानं, पाठीशी उभं राहायचं मामानं. हे काय आता मी नव्यानं सांगू त्याले.

कापूस वेचणीले गेली नाही आज. अक्षर वाईट आलं. तसंही चौथीच्या पुढचं नाही.

ता. २१, शनि.

काय केलं ते लिहूनच ठेवते. उद्या लोक काहीही सांगतील, म्हणतील बाईनं लुगड्याच्या चिंध्या केल्या.

लुगडं नऊवारी, हिरवं सुती, लाल काठाचं. त्यातली पाच वार साडी झाली, गोल नेसायची. उरले चार. तीन वाराचा परकर. काठ खाली घेराले ठेवला, वरचा नेफ्यात गेला. राहिलेल्या एका वारात पोलकं, बाह्या कोपरापर्यंत. थंडी आहे म्हणून वरून बिनबाह्याचं जाकीट, विटकरी छिटाचं, आतून सुमनच्या बाबाच्या जुन्या धोतराचं अस्तर. विकत फक्त ती छीट. घरी मशीन नाही. सारी उलटी टीप, हातानं, एकोणीस दिवस.

परकराचा काठ साडीच्या काठाखाली दोन बोटं दिसतो. चुकून नाही, मुद्दाम. काठावर काठ. जाकिटातून हिरवी बाही निघते. आरशात माझं तोंडच मावते, म्हणून सुमनले विचारलं, कशी दिसते. ती म्हणाली, "दुसऱ्या गावची दिसतेस माय."

मले आवडलं ते. लग्न होऊन आली तवापासून याच गावची दिसत होती.

संक्रांतीच्या वाणाले तेच घालून गेली. तिथं नामदेवच्या बायकोची मावसबहीण बसली होती. बसमधून उतरताच तिनं ढाणकीत दवंडी दिली असंल.

ता. २३, सोम.

एक चूक आहे. इथं लिहायले काय हरकत.

घडी मोडायची राहिली. भावाचं लुगडं आधी सबंद नेसायचं, देवाले नमस्कार करायचा, मग पुढं त्याचं काय करायचं ते करा. हे मले कोणी सांगायची गरज नाही, मीच दहा जणींले सांगितलं असंल. दिवाळीत कापूस फुटला होता, लुगडं तसंच पेटीत टाकलं. नंतर काढलं ते सरळ जमिनीवर पसरलं अन् कात्री. हौसेपुढं दिसलंच नाही.

सुमनचे बाबा म्हणतात, सांग ना एकदा नेसली होती म्हणून, कोण पाहाले आलतं? असे शांत बसून सुपारी कातरतात अन् मले खोटं बोलायले शिकवतात. मी म्हटलं, जगाले काय सांगायचं ते तुम्ही सांगा. भावानं मले तोंडावर विचारलं तर खरं सांगीन. ते म्हणाले, मग मामाही तूच हो. उठून गेले.

ता. २६, गुरु.

शाळेत झेंडा. सारं गाव होतं. मी तेच घातलं. सुमनचा चेहरा पडला, पण काही बोलली नाही.

पाटलीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, "काय वो सुमनची माय, लेकीच्या आधी तुमचंच लगन आहे का काय?" हसल्या साऱ्या. मी म्हटलं, असलं तर तुमच्या भावाले मामा म्हणून पाठवा, माझा रुसला आहे. मग हसू थांबलं. आता सगळ्या गावाले माहीत झालं, माझ्याच तोंडानं. जीभ माझी कधी सरळ चालणार नाही.

मास्तरांची बायको मात्र जाताना बाजूले घेऊन हळूच म्हणाली, जाकिटाचा काप काढून देता का. जुन्या पेपरावर काढून दिला. कोणाले सांगू नका म्हणे. कापून घालणार, अन् मग काय घरात घालून बसणार आहे?

बंजाऱ्यांच्या तांड्यावरची जमना आली दुपारी. वेचणीत माझ्या ओळीले असते. तिनं परकर उलटा करून टीप पाहिली, नख लावून ओढून पाहिली, मग मान हलवली. तिची मान सहजी हलत नाही, तिचं स्वतःचं आरशांचं काम बोट ठेवावं असं. मले ती याडी म्हणते. म्हणजे माय. म्हणाली, "याडी, माह्या घागऱ्याले किती तुकडे आहेत मोज. माह्या एकाही भावानं नाही मोजले."

पण तिच्यात ते आधीपासून आहे. आमच्यात नाही ना.

ता. २९, रवि.

ढाणकीले जाऊन आली. सकाळच्या एस.टी.नं उमरखेड, तिथं दोन तास, मग ढाणकी.

निघताना सुमनचे बाबा म्हणाले, आजच्या दिवस जुनं लुगडं नेस. मी पेटी उघडली, लुगडं हातात घेतलं, परत ठेवलं. लपवायचंच असतं तर कापलं कायले. हिरवंच घालून गेली. ते चूक झालं की बरोबर, अजून ठरत नाही.

नामदेव ओसरीवर दोर वळत होता. वर पाहिलं नाही. भावजयीनं पाणी दिलं. तिची नजर परकराच्या काठावरून हटेना. मी बसली. नामदेवनं दोराले आणखी पीळ दिला.

मग म्हणाला, "मायच्या लुगड्याले किती दांड होते, याद आहे तुले?"

याद कशी नसंल. फाटलेला भाग कापून टाकायचा, दोन तुकडे जोडायचे, मधी ती जाड शिवण. मायच्या त्या लुगड्याले तीन दांड होते. दोन मी भरलेले. मी नऊ वर्षांची होती, तिथंच तर सुई शिकली.

"तीन," मी म्हटलं.

"म्या तवाच मनात धरलं होतं. माझ्या बहिणीच्या अंगावर सबंद लुगडं राहील. माझ्या घरी दांड चालंल, तिच्या नाही. दर दिवाळीले सबंद आणलं. मोजून नऊ वार, दुकानात माझ्यासमोर मोजायले लावलं. अन् तू त्याचे तुकडे करून गावभर दाखवत फिरून राह्यली."

आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मी भांडली असती, ते मले जमते.

मी म्हटलं, "मायले सबंद भेटलं नाही म्हणून तिनं तुकडे जोडले. मी सबंदाचे तुकडे केले ते माझ्या हौसेनं. दोन्ही एक नाही नामदेव."

"लोकाले एकच दिसते."

"लोकाले कोण विचारते."

"मले विचारतात. बहिणीले पुरतं लुगडं नाही का दिलं, म्हणतात."

हे मले आधी सुचलंच नव्हतं. त्याच्या बाजूनं ते असं दिसत असंल.  मग त्यानं तेच विचारलं ज्याची मले भीती होती.

"घडी तरी मोडली होती का बाई?"

"नाही."

दोर तिथंच टाकला, जोडे घातले अन् वावरात गेला. मी जेवली नाही. भावजयीनं वेणीफणीचं सामान अन् बोरं बांधून दिली. दारात म्हणाली, लग्नात लुगडं नेसा बाई, कासोटा घालून, मग मी यांले आणते. मी गाठोडं उचललं अन् निघाली. हो म्हटलं असतं तर सारं तिथंच मिटलं असतं.

ता. ३१, मंगळ.

नवरदेवाकडच्या सोयऱ्यांचा माणूस आला. पत्रिका आर्णीले छापायची आहे, नावं पाठवा, मामाचं नाव ठळक पाहिजे म्हणे. त्यांच्याकडून तीन मामांची नावं आहेत. तीन. शनिवार ता. ११ ले छापखान्यात द्यायचं.

सुमनच्या बाबानं बाकी नावं लिहून दिली. मामाच्या पुढं रेघ मारून ठेवली. सोयऱ्यांच्या माणसानं त्या रेघेकडं पाहिलं, मग माझ्या जाकिटाकडं. चहा पिऊन गेला तो.

पण मले एक सांगा, कासोट्याचं अन् भावाच्या मायेचं काय सूत? तीस वर्षं कासोटा घातला. वेचणीत घातला, बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी घातला, मायच्या मयतीत घातला. आता एक डिरेस माझ्या मनाचा शिवला तर

जाऊ दे. भाकऱ्या टाकायच्या आहेत.

ता. ३ फेब्रु., शुक्र.

आज वाकली. लिहितेच.

सारे कामाले गेल्यावर परकराची कंबर उसवली. विचार केला, साडी अन् परकर जोडून आठ वार होतात, पोलक्याचा वार गेला तर गेला. एक दांड भरला की लुगडं तयार. लग्नाच्या एका दिवसापुरतं.

अर्धी शिवण झाली. काठाले काठ जुळवला, इतका बारीक की हाताले लागत नव्हता. अन् मग मनात आलं, हे नेसून मी मांडवात उभी राहीन, नामदेव पाठीमागून येईल, अन् त्याले पहिल्यांदा काय दिसंल? दांड. त्याच्या बहिणीच्या अंगावर, त्याच्याच लुगड्याले. यापेक्षा कात्री बरी नव्हती का.

सारे टाके काढले. परकराले परत नेफा घातला. दोन ठिकाणी कापडाले भोकं राहिली सुईची, ती दिसतात.

सुमनच्या बाबानं नवीन लुगडं आणायची गोष्ट काढली. म्हणजे विकतचं नेसून भावाले फसवायचं. मी म्हटलं, त्याचा राग कापडावर नाही. मग कायवर आहे, म्हणाले. मी सुई डबीत ठेवली.

ता. ५, रवि.

सुमननं तोंड उघडलं शेवटी. तिच्या लग्नाची छिटाची पोलकी शिवत बसलो होतो दोघी. बाह्या ती लावते, गळा मी.

म्हणाली, "माय, तू जिंकशील. तू नेहमीच जिंकते. पण मी बोहल्यावर एकटी चालत जाऊ का?"

मी म्हटलं, तुले तर आवडलं होतं. दुसऱ्या गावची दिसतेस म्हणाली होती.

"आवडते. मीही तसंच शिवीन माझ्यासाठी, सासरी. पण मामा मले लहानपणी खांद्यावर घेऊन उमरखेडच्या बाजारात फिरवत होता. त्यानं तुले काही नाही केलं. मले तर नाहीच."

मी गळा चुकीचा कापला त्यानंतर. एक पोलकं वाया गेलं.

अठरा वर्षांची पोर अन् तिनं माझ्याकडून काही मागितलंही नाही, लुगडं नेस म्हणाली नाही. म्हटलं असतं तर मले राग तरी आला असता.

ता. ६, सोम.

सकाळी कामं टाकून चिठ्ठी लिहिली. तीनदा लिहिली, दोनदा फाडली. जमनाचा नवरा उद्या बैल पाहाले ढाणकीकडं जाऊन राह्यला, त्याच्या हाती देते. दारात उभं राहून सांगायची गोष्ट नाही ही, म्हणून लिहून. काय लिहिलं ते इथं उतरवून ठेवते, नंतर कोणी म्हणायले नको की बाईनं भावाले शिव्या लिहिल्या.

चि. नामदेवास,

घडी मोडली नाही ही माझी चूक. त्याची माफी मागते. तुझ्या ओसरीवरच मागायले पाहिजे होती, तू वावरात गेला अन् माझ्याही तोंडातून निघाली नाही.

कात्री लावली त्याची माफी मागत नाही. तू दिलेल्या नऊ वारातला एक बोटभरही तुकडा मी फेकला नाही, कोणाले दिला नाही. सारा माझ्या अंगावर आहे. मायले जोडावं लागलं, मले कापायले भेटलं, ते तुझ्यामुळं. हे लोकाले कळत नसंल तर मी मांडवात मोठ्यानं सांगीन, पाटलीणबाईसकट साऱ्यांसमोर, की माझ्या भावानं सबंद दिलं होतं. ते मी करीन. कासोटा घालणार नाही. तुझ्यासाठी नाही, सोयऱ्यांसाठी नाही.

सुमन तुझ्याबद्दल माझ्याशी भांडली. तिच्यावर राग ठेवू नको, तिनं कशाले कात्री लावली नाही.

मले तुझं लुगडं नको, आहेर नको, या वर्षी नको अन् पुढच्याही नको, तू म्हणशील तर. तू पाहिजे. पोरीच्या पाठीशी तू उभा पाहिजे, अन् मी हिरवी साडी नेसून समोर असीन, ते तुले पाहावं लागंल.

शनिवारी पत्रिकेची नावं छापखान्यात जातात. मले शुक्रवारी, ता. १० ले, सांजच्या गाडीपर्यंत तुझं उत्तर पाहिजे. मेव्हण्याच्या तोंडचं नको, तुझ्या हातचं, किंवा तू स्वतः. गोल गोल लिहू नको. मामा म्हणून तुझं नाव टाकू का नाही, हो की नाही, शुक्रवारी सांग.